नऊ नंबरचा खोका

१

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सेंट ऑरेलच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कंट्रोल टॉवर नाहीसा झाल्याचं लक्षात आलं. धावपट्टी जागच्या जागी होती, एकुलतं एक विमान होतं, बाहेर टॅक्सीची वाट बघणारी कुटुंबंसुद्धा होती. टॉवरच्या जागी मात्र एक भोक होतं, आणि त्या भोकातून दोन वायरी वर डोकावत होत्या.

बेटावर कोणाला याचा पत्ता नव्हता. कारण हा विमानतळ अडीच मीटर लांब होता आणि दुबईत, अल क्वोजच्या एका शेडमध्ये, दोन लाकडी घोड्यांवर उभा होता. सेंट ऑरेल हे कॅरिबियन समुद्रातलं इतकं लहान बेट, की नकाशात ते स्वतःच्याच नावाखाली झाकलं जायचं. तिथे नवा विमानतळ बांधायचा, तर आधी त्याचं मॉडेल हवं. मंगळवारी अकरा वाजता बेटाच्या मंत्रीणबाई ते बघायला येणार होत्या.

२००९चा मार्च होता. सहा महिन्यांपूर्वी या शेडमध्ये बासष्ट माणसं टॉवर, व्हिला, अख्खी शहरं हातांनी बनवत होती. मग जगात काहीतरी कोसळलं आणि त्याची धूळ इथपर्यंत आली. आता अकरा माणसं उरली होती आणि एक विमानतळ.

"गुरुवारी मी स्वतः बघितला होता," वर्कशॉप मॅनेजर शैलेंद्र म्हणाला. तो पुण्याचा, एरवी शर्टाची घडी न मोडणारा. आज त्याची कॉलर एका बाजूने उभी होती. "कुबराला समुद्राचा निळा स्प्रे मारायचा होता, म्हणून दगडूने टॉवर काढून खोक्यात पॅक केला. खोका त्या रॅकवर ठेवला. मधे शुक्रवार-शनिवारची सुट्टी, आणि आज टॉवरही नाही आणि खोकाही नाही. मॅडम, तुम्हीच शोधा."

मॅडम म्हणजे अनुराधा. हुद्दा ऑफिस अ‍ॅडमिनचा, वय सत्तेचाळीस, दुबईत एकोणीस वर्षं. हरवलेला स्टेपलर असो की कस्टममध्ये अडकलेला कंटेनर, 'अनुराधा मॅडमला विचारा' ही त्या शेडमधली म्हणच होती, आणि आपण ती ऐकलीच नाही असं दाखवण्यात ती पटाईत होती.

"गुरुवारी शेडमधून काही बाहेर गेलं होतं का?" शैलेंद्रने विचारलं.

"नाही," अनुराधा म्हणाली.

म्हणताना तिला एक खोका आठवला. पण ती गोष्ट वेगळी होती.

२

ती गोष्ट अशी होती. अनुराधाची भाची इरा अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहायची. तिच्या शाळेचं प्रदर्शन होतं, चौथीच्या मुलांना 'माय आयलंड' बनवायचं होतं, आणि मावशी मॉडेलच्या कारखान्यात. रॅकवर पाच ते बारा नंबरचे जुने खोके धूळ खात होते, रद्द झालेल्या प्रोजेक्टांमधून उरलेल्या सामानाचे. नऊ नंबरमध्ये फोमची झाडं आणि तांदळाएवढी माणसं. ती लागणार कोणाला? गुरुवारी दुपारी ऑफिसच्या कामाला बँकेत गेली असताना तिथूनच अनुराधाने ड्रायव्हर जहूरला फोन केला, "रॅक से नौ नंबर का खोका उठाओ और अबू धाबी जाते वक्त इरा के स्कूल में दे दो. और भाई, किसी से बोलना मत."

शेवटचं वाक्य बोलायची खरं तर गरज नव्हती. पण नवरा, सुजीत, जानेवारीपासून घरी बसला होता. घरात एकच पगार येत होता, आणि अशा दिवसांत ऑफिसचं कचऱ्यातलं झाडसुद्धा विचारल्याशिवाय उचललं असं कोणी म्हणायला नको. शिवाय त्यात टॉवर नव्हता. म्हणून ती गोष्ट वेगळी.

तिने चौकशी सुरू केली ती जहूरपासून. पेशावरकडचा उंच माणूस, सकाळपासून व्हॅन धूत होता. स्वच्छ व्हॅन.

"बाजी, मैंने टॉवर देखा भी नहीं. अल्लाह कसम."

"गुरुवारी आणखी काही नेलंस?"

"जो आपने बोला, बस वही. नौ नंबर." त्याने आवाज खाली आणला. "वो बताऊँ साहब को?"

"त्याची काय गरज?" अनुराधा मराठीत म्हणाली. घाईत ती मराठीतच बोलायची, आणि जहूरला नेमकं तेवढंच मराठी कळायचं.

मग कुबरा. हैदराबादची, मॉडेल रंगवणारी, जीभ ब्रशपेक्षा धारदार. तिला महिनाअखेरची नोटीस मिळाली होती.

"मेरे पे शक है? हौ, करो, करो. नौकरी गयी, अब इज्जत भी ले लो. पितल का टॉवर लेके मैं क्या करूंगी आपा, चारमिनार के बाजू में खड़ा करूं?"

"कुबरा, मी फक्त विचारतेय."

"तो दगडू को पूछो. बबल रॅप खतम था, साहब नया मंगाने नहीं दिये. बिचारा आधा दिन सोचता रहा टॉवर को काहे में लपेटूं. बच्चे के जैसा रखा उसको."

'बच्चे के जैसा' हे शब्द शैलेंद्रच्याही कानावर पडले, आणि त्याने त्यातून भलताच अर्थ काढला.

"बघा!" तो म्हणाला. "अकरा दिवस लेथवर बसून त्याने तो घडवला. जीव जडला. महिनाअखेर त्याचंही नाव लिस्टमध्ये आहे. जाता जाता घेऊन गेला. बोलवा त्याला."

३

दगडू माढ्याकडचा. पन्नाशीला टेकलेला, बोटांना कायम पितळेचा वास. कॅम्पच्या बसने मुहैस्नाहहून यायचा. कागदोपत्री मुहैस्नाह, पण तिथल्या लेबर कॅम्पला सगळी दुनिया सोनापूर म्हणते. तो केबिनमध्ये आला आणि खुर्ची समोर असूनही उभाच राहिला.

"मराठीतच बोलू," शैलेंद्र म्हणाला. "मॅडम लिहून घेतील. टॉवर कुठे ठेवलास?"

"लाभात ठिवला, सायेब."

शैलेंद्रने खुर्चीवरून पाठ उचलली. "कशात?"

"लाभात."

"म्हणजे फायद्यात? कसला लाभ?"

दगडू गोंधळला. त्याने अनुराधाकडे बघितलं, जणू ही बाई सांगेल समजावून. "लाभ म्हंजी लाभच की, सायेब. पयलं काम लाभाचंच असतंय. आमच्यात तसंच म्हणत्यात."

"ऐकलंत मॅडम? यांच्यात तसंच म्हणतात!"

"दगडू," अनुराधा म्हणाली, "मग तो खोका आहे कुठे?"

"रॅकवरच व्हता, म्याडम. खालच्या फळीवर, म्होरंच. म्या आकडा घातला व्हता त्येच्यावर..."

तेवढ्यात शैलेंद्रचा फोन वाजला. लंडनहून मालक. शैलेंद्र उभा राहून "येस सर, येस सर" करत बाहेर गेला आणि दोन मिनिटांनी आत आला तेव्हा चौकशी त्याच्यापुरती संपलेली होती. पोलिसात जायचं नाही, मालकाला गवगवा नको होता. स्टेटमेंट घ्यायचं, व्हिसा कॅन्सल, मंगळवारचं अडीचचं विमान. यल्ला, चला.

अनुराधाने टाइप केलं. तिचं इंग्रजी शेडमध्ये सगळ्यांत चांगलं, आणि मराठी तर विचारूच नका. दर शुक्रवारी करामा भागातल्या आपल्या घराच्या हॉलमध्ये ती सहा मुलांचा मराठी वर्ग घ्यायची. 'आपली भाषा आपणच विसरलो तर कोण सांभाळणार?' हे तिचं वाक्य मंडळाच्या गणेशोत्सवात टाळ्या घेऊन गेलं होतं. तिने लिहिलं की दगडू पांडुरंग माने याने टॉवर फायद्यासाठी ठेवल्याचं कबूल केलं आहे. 'लाभ' म्हणजे 'प्रॉफिट'. डिक्शनरीसुद्धा बघावी लागली नाही.

दगडूने कागद हातात धरला, जसा एखादा तापलेला पत्रा धरावा.

"काय लिवलंय, म्याडम?"

"तू म्हणालास तेच."

त्याने मान हलवली, आणि त्या इंग्रजी मजकुराखाली, एकेक अक्षर दाबून, आपल्या शाळेतल्या मराठीत सही केली.

दाराशी जाऊन तो थांबला. "येक इचारू? त्यो टॉवर घावला, तर वायरी उलट्या जोडू नका. हिरवा दिवा हाय. उलट्या जोडल्या तर जळतूय."

चोर असं बोलतो का? हा प्रश्न अनुराधाच्या मनात आला होता. तिने तो फाइलमध्ये लावला नाही.

४

सोमवारी दुपारपर्यंत दगडूचा व्हिसा कॅन्सल झाला.

शेडमध्ये कुबरा नोटीस विसरून कामाला लागली होती. अत्तराच्या बाटलीचं उंच झाकण सोनेरी रंगवून तिने भोकावर उभं केलं. पायथ्याशी झाडं लावली की लांबून बरं दिसेल, असा तिचा बेत.

"झाडं पुरतील ना?" अनुराधाने पत्रांवर सह्या घेता घेता विचारलं.

"ढेर पडे हैं आपा, नौ नंबर में," कुबरा म्हणाली आणि वरच्या फळीवरच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला.

अनुराधाने मान डोलावली आणि पुढच्या पत्राकडे वळली.

तीन वाजता इराचा फोन. "मावशी, थँक यू सो मच! आमचं आयलंड बेस्ट आहे. द ओन्ली वन विथ अ लाइट!"

"छान हं बाळा. शुक्रवारी वर्गाला ये. आणि एक कसा काढायचा लक्षात आहे ना? मागच्या वेळेला पुन्हा नाइन वाचलास."

"बट मावशी, इट लुक्स लाइक नाइन!"

"दिसतो. पण नसतो," अनुराधा म्हणाली आणि फोन ठेवला. तिला पुढे मंत्रीणबाईंसाठी चहाचे कप मोजायचे होते.

संध्याकाळी सहाला ती नेहमीप्रमाणे नर्मदाताईंकडे पोळ्या आणायला गेली. मूळच्या बार्शीच्या नर्मदाताई करामातल्या आपल्या फ्लॅटमध्ये डबे करायच्या.

"पंधरा दिरहम झाले हो ताई. म्हणजे दोनशे रुपये! दोनशे रुपयांच्या पोळ्या खातात मेली माणसं, असं मला रोज वाटतं. बसा, एवढे उद्याचे तांदूळ मापून घेते."

अनुराधा स्टुलावर बसली. नर्मदाताईंनी पोत्याचं तोंड सोडलं, पितळी मापटं भरलं, सपाट केलं आणि परातीत ओतलं.

"लाभ," त्या पुटपुटल्या. दुसरं भरलं. "दोन." तिसरं. "तीन. चार..."

अनुराधाने पोळ्यांची पिशवी खाली ठेवली.

"नर्मदाताई, पहिल्याला काय म्हणालात?"

"लाभ. का हो?"

"एक का नाही?"

"अगं बाई! पहिल्या मापाला एक म्हणतात का कोणी? एकट्याला बरकत नसते. लाभ, दोन, तीन. खळ्यावर, दुकानात, सगळीकडे. तुमचं तर आजोळ बार्शीचं सांगता तुम्ही. मामाचं भुसार दुकान होतं ना?"

होतं. दर दिवाळीच्या सुट्टीत ती त्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसलेली असायची. मामाचा हमाल ज्वारी मापायचा, आणि आठ वर्षांची अनुराधा त्याच्यामागून ओरडायची. लाभ! दोन! तीन!

मामा तिला खाऊ द्यायचा, मोजणी न चुकल्याबद्दल.

५

नर्मदाताईंनी दिलेलं पाणी तिने तसंच हातात धरून ठेवलं.

लाभात ठेवला, म्हणजे एकात ठेवला. पहिल्या खोक्यात. रॅकवरचे जुने खोके पाच ते बारा, विमानतळाचं पॅकिंग मात्र नवीन. त्याची पहिलीच वस्तू टॉवर, म्हणून पहिला खोका, लाभाचा.

'म्या आकडा घातला व्हता.' जुन्या खोक्यांवर छापील लेबलं होती. लेबलं छापणारा मुलगा डिसेंबरातच गेला. मग दगडूने आकडा मार्करने घातला असणार. कुठल्या लिपीत? ज्या लिपीत तो सही करतो तिच्यात.

तिने नर्मदाताईंच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यावर पेनाने काढलं: १.

पेशावरच्या माणसाच्या डोळ्यांनी बघितलं. नऊ. स्पष्ट, गोल, शेपटीवाला नऊ. खालच्या फळीवर, अगदी म्होरं. त्याने वरच्या फळीवरचा छापील नऊ शोधायचाच कशाला? तो खरा नऊ तर आज दुपारीही जागेवर होता. कुबरा त्यात कोपरापर्यंत हात घालत होती, आणि आपण मान डोलावत होतो.

शाळेत तरी कोणाला संशय कसा आला नाही? बबल रॅप नव्हता, म्हणून दगडूने टॉवर फोमच्या झाडांत बसवला असणार. मुलांनी झाडं मागितली, मुलांना झाडं मिळाली. वर एक भेट.

तिने इराला फोन लावला. "तुमच्या आयलंडवर लाइट कसला आहे गं?"

"लाइटहाउस, मावशी! द गोल्ड वन. तूच तर पाठवलंस. मिसने बॅटरी लावली."

कोडं सुटलं होतं. एरवी अशा वेळी अनुराधाला जे वाटायचं, त्यातलं काहीही वाटलं नाही. टॉवर कोणी चोरला नव्हता. दगडूने खरं सांगितलं होतं, जहूरने सांगितलेलं केलं होतं. खोटं एकच माणूस बोललं होतं, 'काही बाहेर गेलं का' या प्रश्नाला. आणि चुकीचं भाषांतरही त्याच माणसाने केलं होतं.

तिने शैलेंद्रला फोन करून सगळं सांगितलं. झाडांसकट, बँकेतून केलेल्या फोनसकट.

"टॉवर मिळतोय ना? थँक गॉड. पहाटेच निघा."

"आणि दगडू?"

"मॅडम, व्हिसा कॅन्सल झाला. खलास. आता काही होत नाही. तसाही महिनाअखेर जाणारच होता."

"जाणं वेगळं. चोर म्हणून जाणं वेगळं."

"उद्या डेलिगेशनसमोर तमाशा नको, प्लीज. तुमच्यासाठीच सांगतोय. घरी सुजीत बसलेत ना?"

हे त्याने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

६

मंगळवारी साडेसातला शाळेच्या हॉलमध्ये थर्माकोलच्या निळ्या समुद्रात सेंट ऑरेलचा कंट्रोल टॉवर उभा होता. माथ्यावर हिरवा दिवा. कागदाच्या होड्या त्याच्याकडे तोंड करून लावल्या होत्या.

"बट यू गेव्ह इट," इरा म्हणाली.

"चुकून दिलं, बाळा. माझं नव्हतंच ते."

"देन हूज इज इट?"

"दगडूकाकांचं."

"हू इज ही?"

सात वर्षं एका शेडमध्ये काम केलेल्या माणसाबद्दल अनुराधाला त्याचं गाव, त्याची सही आणि एक खोटं कबुलीपत्र, एवढंच माहीत होतं. तिने पिशवीतून कुबराचं सोनेरी झाकण काढून होड्यांसमोर उभं केलं.

इराने वाकून वास घेतला. "इट स्मेल्स नाइस," ती म्हणाली. तेवढ्यावर तिने मावशीला माफ केलं. मुलांचं बरं असतं.

तिथून जहूरने गाडी थेट सोनापूरला काढली. "बाजी, मेरी भी गलती है. मैं साहब को बोल देता..."

"तुला गप्प मी बसवलं, जहूरभाई."

दगडू कॅम्पच्या फाटकाशी दोरीने बांधलेली बॅग घेऊन उभा होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट. गावी जाताना माणसं घालतात तसा. तो व्हॅनमध्ये चढला आणि सीटवर झाडांच्या गादीत निजलेला टॉवर त्याला दिसला. त्याने तो मांडीवर घेतला, उलटा करून वायरी तपासल्या, शर्टाच्या टोकाने त्यावरचे लहान बोटांचे ठसे पुसले. कुठे मिळाला, विचारलं नाही. अनुराधा अल क्वोज येईपर्यंत सांगायला सुरुवात करत राहिली, म्हणजे मनातल्या मनात.

पावणेअकराला दगडूने टॉवर भोकात बसवला, वायरी जोडल्या. दिवा लागला. अकराला मंत्रीणबाई आल्या, पिवळ्या झग्यातल्या, ऐसपैस, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांनी चष्मा लावून टॉवरपाशी वाकून बघितलं.

"आमच्या जुन्या विमानतळावर टॉवर नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सामानाला नंबरही नाही. हमाल सगळ्यांना ओळखतो, बॅग बरोबर घरी पोचते. नव्यावर नंबर लागतील. हा कोणी बनवला?"

"अवर टीम, मॅडम," शैलेंद्र म्हणाला.

"दगडू माने यांनी," अनुराधा म्हणाली.

शैलेंद्रने डोळ्यांनी विनवलं. बाईंनी मात्र चष्मा काढून दगडूकडे बघितलं, पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि एकदा जोरात हलवला. मग त्या धावपट्टीकडे वळल्या.

पाहुणे चहाला केबिनमध्ये गेले. अनुराधाने मात्र उरलेल्या सगळ्यांना तिथेच, विमानतळाभोवती, थांबवलं. हिंदीत सांगितलं, कारण हिंदी सगळ्यांना कळायचं. खोका कोणी मागवला, कोणाला गप्प बसवलं, विचारल्यावर कोण 'नाही' म्हणालं, आणि 'लाभ' या शब्दाचं काय केलं. कुबराने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. तिच्याकडून एखादा टोमणा आला असता तर बरं झालं असतं. आला नाही.

दगडू सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्याडम, त्या कागदावर नेमकं काय लिवलं व्हतं? आपल्यात सांगा."

तिने फाइलमधून कागद काढला. इंग्रजी डोळ्यांसमोर होतं, मराठी तोंडातून निघेना.

"टॉवर... फायद्यासाठी ठेवला, असं."

दगडूने विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला तो झेलता आला असता.

"मग बराबरच लिवलंय की," तो म्हणाला. "निस्तं कुणाच्या फायद्यासाठी, ते लिवायचं ऱ्हायलं."

७

एअरपोर्टपर्यंत ती व्हॅनमध्ये सोबत गेली. वाटेत तिने कोऱ्या कागदावर हाताने, मराठीत, सगळं लिहून काढलं. दगडू माने यांनी काहीही चोरलेलं नाही. त्यांनी टॉवर लाभाच्या, म्हणजे १ नंबरच्या, खोक्यात ठेवला होता. चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव, फोन नंबर.

दगडूने कागद सावकाश वाचला. हा त्याला वाचता येत होता. चारदा घडी घालून पासपोर्टात ठेवला.

"गावात इचारतील, मधीच कसा आला. दावीन." मग बॅग उचलता उचलता म्हणाला, "येक बोलू? ते पयल्या दिशी इचारलं असतं ना म्याडम, दगडू, लाभ म्हंजी काय रं, तर म्या सांगितलं असतं."

"हो," अनुराधा म्हणाली.

काचेच्या दारापलीकडे हजार माणसांच्या हजार बॅगा होत्या, प्रत्येकीवर नंबर. इस्त्रीचा शर्ट त्यांत थोडा वेळ ओळखू आला. मग नाही.

शुक्रवारी मुलं आली. तिने वर्ग रद्द करायचं ठरवलं होतं, पण इराला घेऊन तिची आई मुग्धा अबू धाबीहून निघाली सुद्धा होती. सुजीतने बिस्किटं मांडली. अनुराधाने फळ्यावर खडूने आकडा काढला.

"हे काय?"

"नाइन!" सहाच्या सहा मुलं ओरडली. इरा सगळ्यांत मोठ्याने.

एरवी या जागी ती हसायची, डोक्यावर हात मारून घ्यायची, 'चूक!' म्हणायची. मुलं त्याचीच वाट बघत होती.

खडू हातात धरून ती फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. 'चूक' हा शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना.